फॉरमॅट नको, दादा

पिंपळगाव बसवंतच्या वाटेवरच्या एका वजनकाट्यावरून पहाटेच फोन आला. ‘भाऊ, कॉम्प्युटर सुरू होईना. काळ्या पडद्यावर चार ओळी इंग्रजी येते अन् तिथंच अडकतं. पोरगं म्हणतंय, फॉरमॅट मारू.’

‘दादा, पोराला हात लावू देऊ नका. नाशिकहून निघालोच.’

मशीन विंडोज एक्सपीचं, म्हणजे २००१ सालच्या पिढीतलं. काट्याची जुनी वायर त्याच्याच पोर्टला बसते, म्हणून अजून नोकरीत. कॉन्फिग फोल्डरमधली ‘सिस्टिम’ ही फाईल बिघडल्याची त्याची तक्रार होती. ती रजिस्ट्रीतली एक मुख्य फाईल.

रजिस्ट्री समजावायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. वही भिजली तरी माणसं आपापल्या गावी सुखरूप असतात. कोण कुणाचा, तेवढं सांगता येत नाही. तसंच इथं. वजनांच्या फायली डिस्कवर जागच्या जागी होत्या. कोणता ड्रायव्हर आधी उठवायचा, काटा कुठल्या पोर्टवर, या नोंदी गेल्या होत्या. फॉरमॅट मारला असता तर वह्यांबरोबर माणसंही गेली असती. आमच्या धंद्यात तो पहिला उपाय व्हावा, याची मला चीड आहे.

रजिस्ट्रीच्या अशा फाईलला ‘हाइव्ह’, म्हणजे पोळं म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन सांगतात, की विंडोज एनटीच्या एका प्रोग्रामरला मधमाश्यांचा तिटकारा होता, म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्याने त्याला डिवचायला अशी नावं घुसडली. या पोळ्याच्या सुरुवातीलाच दोन आकडे असतात. लिहायला घेतलं की पहिला वाढतो, लिहून झालं की दुसरा. मध्येच लाईट गेली, तर दोघांचा मेळ बसत नाही. शेजारच्या लॉग फाईलवरून विंडोज बहुधा निभावून नेतं. लॉगही बिघडला, की आमचा फोन वाजतो.

काट्यावर पोचल्यावर आधी अख्ख्या डिस्कची नक्कल घेतली. मग पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन उठवलं. ‘रिपेअर’ फोल्डरातली प्रत इन्स्टॉल केल्या दिवसाची. तिला काटा माहीतच नाही. म्हणून ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’मध्ये शिरून रिस्टोर पॉइंटमधलं अलीकडचं पोळं काढलं, बिघडलेल्याचं नाव बदलून बाजूला ठेवलं आणि नवं त्याच्या जागी बसवलं.

नाव बदलायची ही सवय मला एका फजितीने लावली. विंडोज १० च्या एका मशीनवर मी ‘रेगबॅक’ फोल्डरातली प्रत आकार न बघता चढवली. ती शून्य बाइटची! २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज तिथं आपणहून प्रत ठेवत नाही, पण शेड्यूलरमध्ये मात्र ‘काम यशस्वी’ म्हणून सांगतं. मूळ फाईल मीच पुसलेली. शेवटी सगळं नव्याने टाकून द्यावं लागलं, तेही फुकट.

काट्यावरचं मशीन मात्र उठलं. ट्रॉली चढली, स्क्रीनवरचा आकडा डुलत डुलत थांबला, चिठ्ठी आली. तोवर दादांनी हाताने सतरा चिठ्ठ्या फाडल्या होत्या. त्या आता कॉम्प्युटरमध्ये कोण चढवणार, यावर बापलेकांची जुंपली होती. मी बॅग उचलली.