नजर रस्त्यावर

आम्ही सगळे भाऊ गाडीवेडे. ईदच्या दिवशी एकत्र बसलो तरी शिरखुर्म्याची वाटी रिकामी होण्याआधी बोलणे क्लच, गिअर आणि मायलेजवर येते. अब्बांनी मुंबईत टॅक्सी चालवून आम्हाला वाढवले, त्यामुळे हे वेड वारशानेच आले म्हणायचे. आज आमच्यातल्या दोघांच्या दारात नव्या गाड्या उभ्या आहेत. त्या आम्हाला आवडतात आणि त्यांच्याबद्दल आमची तक्रारही आहे. ही तक्रार 'आमच्या वेळी असे नव्हते' या जातीची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जुन्या गाडीचे गोडवे गाणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. तिच्यात माणूस सहज मरत असे. 2014च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेत पाचांपैकी एकीलाही एक तारा मिळाला नाही. 2018च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनने त्याच संस्थेकडून पाच तारे मिळवले. पुढच्या वर्षी चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली आणि ऑक्टोबर 2023पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. हा बदल लहान नाही. पत्रा जाड होता म्हणून जुनी गाडी मजबूत, हा समज चुकीचाच होता. टकरीत गाडीचा पुढचा भाग चुरगळला पाहिजे, म्हणजे आतला माणूस वाचतो.

पण तारे मुख्यतः आत बसलेल्यांसाठी मोजले जातात. आमची तक्रार बाहेरच्यांच्या वतीने आहे.

अब्बांची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, 1089 सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. ताकद बेताची, उन्हाळ्यात आत भट्टी. पण तिच्या काचा मोठ्या आणि काचांमधले खांब बारीक होते. सीटवर बसले की चारी बाजूंचा रस्ता समोर असे. आम्हाला शिकवताना अब्बा सांगत, "नजर रस्त्यावर ठेवा, हात आपोआप पोचतात." आणि हात खरोखरच पोचत. वायपर, दिवे, चोक ज्याच्या त्याच्या जागी होते. अंधारात चाचपडूनही सापडत. वेगही गाडी स्वतःच सांगे. साठच्या पुढे काटा गेला की दारे खडखडू लागत आणि पाय आपसूक सैल होई. मुंबईच्या रस्त्यावरची अशी शेवटची टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तिचे वय झाले होते, तिने जायलाच हवे होते. पण तिची नजर आपण मागे ठेवून घ्यायला हवी होती.

आताच्या गाडीत पुढच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब मनगटाहून जाड असतात. गाडी उलटली तर छत चेपू नये, म्हणून ते जाड करावे लागले. कारण रास्त आहे. पण उजवीकडे वळताना त्या खांबाआड एक अख्खी मोटारसायकल लपते. बॉनेट उंच झाले आहे, कारण गिऱ्हाइकाला रुबाब हवा. मागची काच निमुळती होत चालली आहे, कारण चित्रात ती देखणी दिसते. मग न दिसणारे दाखवायला कॅमेरा बसवतात आणि पावसाळ्यात त्या कॅमेऱ्यावर चिखल बसतो. आणि मधोमध तो भला मोठा पडदा. आमच्या एका भावाच्या गाडीत एसीचा पंखा कमी करायचा तर पडद्यावर दोनदा बोट टेकवावे लागते. बटण बोटाला सापडते, काच बोटाला काही सांगत नाही. तिथे डोळेच न्यावे लागतात. ताशी साठच्या वेगाने गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते. तेवढ्यात शाळेच्या दारासमोरचा रस्ता संपतो.

हे नुसते आवडीनिवडीचे प्रकरण नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2022मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे आणि 19 टक्क्यांवर पायी चालणारे होते. म्हणजे मरणाऱ्यांत दर दहांपैकी सहा जण असे, ज्यांच्याभोवती ना पत्रा होता ना एअरबॅग. अमेरिकेत महामार्ग सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने 2023मध्ये दाखवून दिले की, चाळीस इंचांहून उंच बॉनेटची गाडी पादचाऱ्याला धडकली, तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी जास्त असते. आमचे मोहल्ले, बाजार, मदरशाची आणि शाळेची वाट, सगळे पायी चालणाऱ्यांचे. गल्लीत मूल गाडीपुढे येते, तेव्हा त्याची उंची बॉनेटएवढीच असते.

यावर उपाय नाही असे नाही. युरोपच्या एनकॅपने 2026पासून नियम बदलले. इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीची हाक, या पाच कामांना हाताला लागणारे बटण किंवा दांडा नसेल, तर गाडीला पाच तारे मिळणे अवघड. ज्या कंपन्या पडदा म्हणजेच प्रगती असे सांगत होत्या, त्यांतल्या काही आता बटणे परत आणत आहेत. आपल्याकडेही ही मागणी गिऱ्हाइकाने करायला हवी. कंपनी ऐकते ती खपाचे.

म्हणून गाडी घेणाऱ्या मित्रांना आमचे एवढेच सांगणे. शोरूममध्ये पडदा किती इंची आणि छताला काच आहे का, हे खुशाल विचारा. पण आधी चालकाच्या जागी बसा. बरोबरच्या लेकराला बॉनेटपुढे उभे करा, मग मागे, मग खांबाच्या रेषेत. कुठून कुठून ते दिसेनासे होते, ते पाहा. मग समोर बघत हाताने वायपर आणि पंखा शोधा. हे सारे नीट जमले तर गाडी घ्या, रंग कोणताही असू दे. आतल्या माणसाला वाचवायला आपली गाडी शिकली आहे. बाहेरच्याला पाहायला तिने अजून शिकायचे आहे, आणि ते तिला आपणच शिकवायचे आहे.