टेबलाच्या दोन बाजू

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी 'वर्किंग कंडिशन' इतपतच आहे. म्हणून जड शब्द टाळून साइटच्या भाषेतच सांगते.

गेल्या सुट्टीत सहा आठवडे एका इमारतीच्या साइटवर ट्रेनिंग केलं. क्लायंटचे इंजिनिअर आणि कॉन्ट्रॅक्टरचे इंजिनिअर सकाळी एकाच टपरीवर कटिंग घ्यायचे आणि अकरा वाजता एकमेकांना पत्रं लिहायचे. 'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की...' दोन केबिनमधलं अंतर वीस पावलं!

एके दिवशी शटरिंग खोललं, तर कॉलमच्या पायथ्याशी काँक्रीट मधाच्या पोळ्यासारखं पोकळ! व्हायब्रेटर नीट फिरला नव्हता. सुपरवायझर गवंड्याला म्हणाला, "साहेब यायच्या आत सिमेंट फासून टाक." मी कारण विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, सांगितलं तर तोडफोड आमच्या खर्चाने, वर दंड. नाही सांगितलं तर कदाचित काहीच नाही." दुपारी क्लायंटचे साहेब आले, हातोडीने ठोकून पाहिलं आणि आवाजावरूनच ओळखलं. मग काय... आठवडा गेला, बिल अडलं आणि त्या गवंड्याचा पगारही लांबला.

तो सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. लपवण्यात फायदा आणि सांगण्यात तोटा, असाच त्यांचा करार होता.

कॉलेजात परतल्यावर लायब्ररीत लंडनच्या हीथ्रो विमानतळाबद्दल वाचलं. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी तिथे हीथ्रो एक्स्प्रेस रेल्वेसाठी चाललेले बोगदे कोसळले. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. कोर्टाने पुढे दंड केला तो केलाच. पण विमानतळाची मालक कंपनी बीएए आणि कॉन्ट्रॅक्टर यांनी दरम्यान भांडत न बसता एकच टीम केली आणि १९९८ मध्ये रेल्वे सुरू झाली.

हा धडा बीएएने टर्मिनल ५ साठी वापरला. काम २००२ मध्ये सुरू झालं. करारात लिहिलं होतं, की जोखीम क्लायंटची. कॉन्ट्रॅक्टरला प्रत्यक्ष खर्च आणि ठरलेला नफा मिळणार; मात्र हिशोबाच्या वह्या उघड्या ठेवायच्या. वाचलेल्या पैशांत त्यालाही वाटा. त्यामुळे अडचण लवकर सांगणं परवडू लागलं. छताचा एक भाग तर आधी यॉर्कशायरमध्ये उभारून पाहिला, म्हणजे अडचणी तिथेच कळाव्यात. सुमारे ४.३ अब्ज पौंडांचं काम वेळेत आणि बजेटमध्ये पूर्ण झालं.

आता गंमत पहा. २७ मार्च २००८ ला टर्मिनल उघडलं आणि पहिल्याच दिवशी सामानाचा असा गोंधळ उडाला, की पुढच्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली! बांधताना जमलेली एकजूट टर्मिनल चालवायला घेताना कमी पडली. म्हणजे सहकार्य ही एकदा सही करून कपाटात ठेवायची वस्तू नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हे कसं जमणार? सगळ्यात कमी रेटचं टेंडर घ्यायचं, मग एक्स्ट्रा आयटमवरून भांडायचं, हाच रिवाज. शिवाय जोखीम घ्यायला क्लायंटकडे पैसाही लागतो आणि उघड्या वह्या वाचणारी माणसंही लागतात. खरं आहे. पण एक छोटी गोष्ट जमण्यासारखी आहे. कॉन्ट्रॅक्टरने दोष त्याच दिवशी स्वतःहून सांगितला, तर दुरुस्ती त्याने करावी, पण दंड माफ आणि बाकीचं बिल चालू, एवढं करारात लिहायचं. आमच्या साइटवर हे असतं, तर त्या गवंड्याचा पगार वेळेवर झाला असता.

माझ्या रूममेटला कॉन्ट्रॅक्टर व्हायचंय, वडिलांची फर्म आहे. मला सरकारी खात्यात जायचंय. म्हणजे पाच-सहा वर्षांनी आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना! आज मेसची भाजी बिघडली की आम्ही एकाच कागदावर सह्या करतो. उद्या तिच्या साइटवर एखादा कॉलम पोकळ निघाला, तर तिने पहिला फोन मला करावा आणि तो करताना तिला भीती वाटू नये, असा करार लिहायला मला शिकायचंय.