गोडा सुरण

आष्ट्याच्या बाजारात सुरण विकणाऱ्या मावशींनी डाव्या हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवली होती, मनगटाला रबर लावून. त्या हाताने गड्डा दाबून धरायचा, उजव्याने फाक पाडायची आणि तोंडाने चालूच, "खाजत न्हाई ओ, गोडा हाय."

"मग पिशवी कशाला?"

"ती मला. तुमी शिजवून खानार न्हवं?"

यावर काय बोलणार? अर्धा किलो घेतला.

त्या गुलाबट गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, दोन्ही टोकांना अणकुचीदार. घसा धरतो तो त्यांच्यामुळे. म्हणून आमच्याकडे चिंच, कोकणात आमसूल. आता 'गजेंद्र' जात आली, ती जवळजवळ खाजतच नाही. पण मला विचाराल तर गजेंद्र म्हणजे बटाट्याने घेतलेलं सुरणाचं सोंग. चिंचगुळाच्या रश्शात जरा दरारा हवा.

लहानपणी एकदा वळीव पडून गेला आणि घरात मेल्याचा वास सुटला. उंदीर मेला असणार, म्हणून शोधाशोध. ज्वारीची पोती हलवली, फडताळं ओढली, काकांनी शिडी लावून कौलं उचकटली. आजीने मांजराला शिव्या घातल्या. ते बिचारं बाळंतीण होतं, जागचं हललं नव्हतं. उदबत्त्या लावल्या तर वास नुसता पवित्र झाला, गेला नाही. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून आल्या आणि "तुमच्याकडंच हाय" असा निकाल देऊन गेल्या. शेवटी पाणी तापवायला गेलेल्या आत्याने परड्यातून हाक मारली. न्हाणीच्या सांडपाण्याकडेला, हळदीच्या वाफ्याशेजारी, ना पान ना फांदी, जमिनीतून थेट एक फूल वर आलेलं. तळाशी चुणीदार झालर, मधोमध सुरकुतलेला जांभळट गोंडा, त्यावर माश्यांची जत्रा. गेल्या साली काढायचा राहिलेला सुरण फुलला होता. हे फूल आतून तापतं आणि कुजल्या मांसाचा वास सोडून किडे बोलावतं, हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा आजी राखेची पाटी घेऊन धावली आणि आजोबा आडवे आले. "फुललंय ते. फुलू दे." वादात फूल आपोआप गळून गेलं. पावसात तिथून हिरवा, पांढऱ्या डागांचा दांडा वर आला. आम्ही पोरं त्याला साप समजून वळसा घालत होतो. ते झाडासारखं दिसणारं सगळं प्रकरण म्हणजे एकच पान. दांडा म्हणजे त्याचा देठ. पान पिवळं पडून आडवं झालं, की खाली गड्डा तयार.

शंभर ग्रॅम सुरणात ७९ कॅलरी, अठराएक ग्रॅम पिष्ट. मूळव्याधीवर वैद्यांचा सूरणवटक प्रसिद्धच आहे; मूतखडा असेल त्याने मात्र ऑक्झलेटमुळे जपून खावं. कंदांच्याच पंगतीतली कोनफळ आणि करांदा ही मात्र वेलांची मंडळी, कूळच वेगळं. त्या जातीच्या कंदांत शंभर ग्रॅमला ११८ कॅलरी, चार ग्रॅम तंतू आणि आठशे मिलिग्रॅमवर पोटॅशियम. करांदे तर वेलीवर अधांतरी लटकतात. याच कुळातल्या मेक्सिकोच्या रानकंदांपासून रसेल मार्करने १९४०च्या दशकात प्रोजेस्टेरॉन तयार केलं, आणि १९५१ साली तिथेच इतरांनी बनवलं पुढे गर्भनिरोधक गोळीत गेलेलं नॉरएथिस्टेरॉन. म्हणजे जगभरच्या बायकांचा पाळणा लांबवला तो कोनफळाच्या भाऊबंदांनी.

आपल्याकडच्या बायकांना मात्र सुरण आठवतो ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून कुदळीने काढलेला सुरण ऋषीच्या भाजीत पडतो. नियम काढला तेव्हा औत सोडून दुसरं काही नव्हतं. आता आष्ट्याच्या शिवारात उसाची सरी सोडण्यापासून हळद काढण्यापर्यंत ट्रॅक्टर. शास्त्राप्रमाणे बघितलं तर इथे बारा महिने ऋषिपंचमीच चालू आहे, चपातीसकट.