हिरवा ठिपका आणि कळण्याची भाकरी

पुण्यात शिकणारी माझी भाची मैत्रिणींबरोबर बाहेर गेली की व्हेज बर्गरच मागवते. मागे तिला कारण विचारलं तर म्हणाली, "खाला, चिकन हलाल आहे का, हे काउंटरवर कुणाकुणाला विचारत बसू? व्हेज घेतलं की विषय संपला." मुलीचं चुकत नाही. घराबाहेर राहणाऱ्या कितीतरी मुस्लिम मुलामुलींसाठी 'व्हेज' म्हणजे 'बिनघोर चालेल'.

पण या शब्दाला हळूहळू आणखी एक अर्थ चिकटला आहे: व्हेज म्हणजे तब्येतीला चांगलं. हा अर्थ मी जळगावात रोज ऐकते. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. आठवीतल्या काही मुली डबा आणत नाहीत, पैसे आणतात आणि शाळा सुटल्यावर गाडीवरचा बर्गर खातात. टोकलं तर उत्तर तयार असतं, "आपा, व्हेज आहे ना, हेल्दी असतं!"

पाकिटावरचा चौकटीतला हिरवा ठिपका फक्त एवढंच सांगतो की आत मांस, मासे, अंडी नाहीत. आत काय आहे, त्याने पोट भरेल की अंगाला लागेल, याबद्दल तो गप्प असतो. साखरेच्या गोळीवरही तोच ठिपका आणि डाळीच्या पुड्यावरही तोच.

गोंधळाचं मूळ नावात आहे. 1982 मध्ये लंडनला ग्रेगरी सॅम्स यांनी 'व्हेजबर्गर' नावाचं कोरडं मिश्रण विकायला काढलं. मांसाच्या टिक्कीची जागा घेणारा पदार्थ, ही त्यामागची कल्पना. तिकडे आजही अशी टिक्की बहुधा सोयाबीन, राजमा, वाटाण्याचं प्रथिन यांची असते. मांस काढलं तर त्याच्या जागी काहीतरी कसदार हवं, हे त्यात धरलेलं आहे. आपल्याकडे 1996 मध्ये मॅकडोनाल्ड आलं आणि पुढे जो व्हेज बर्गर घरोघरी माहीत झाला तो आलू टिक्कीचा. मांसाच्या जागी बटाटा! नाव तेच राहिलं, माल बदलला.

गाडीवरचा बर्गर उघडून बघा. मैद्याचा पाव, बटाट्याची तळलेली टिक्की, त्यात चार वाटाणे, कोबी, सॉस आणि मेयोनीज, म्हणजे बरंचसं तेल. 100 ग्रॅम बटाट्यात प्रथिनं जेमतेम दीड-दोन ग्रॅम. मैद्यात मात्र दहाच्या आसपास. त्यामुळे हिशेब मांडला तर गंमत दिसते: या बर्गरमधली बरीचशी प्रथिनं टिक्कीतून येतच नाहीत, पावातून येतात! सगळं मिळून माझ्या अंदाजाने आठेक ग्रॅम. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणातून 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा दंडक आहे. चाळीस-पन्नास रुपये मोजून निम्मंही हाती लागत नाही.

माझं माहेर धुळ्याचं. तिथे अम्मी अजून कळण्याची भाकरी थापते. दोन भाग ज्वारी, एक भाग सालीसकट काळे उडीद, मीठ घालून एकत्र दळलेले. जळगाव-धुळ्यात हे सांगायची गरज नाही, पण बाहेरचे वाचकही आहेत. सोबत ठेचा, कच्चा कांदा, शेंगदाण्याचं तेल, थंडीत भरीत. हे काही एका समाजाचं खाणं नाही. खान्देशात ज्याच्या घरी तवा आहे त्याचं आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो उडदात भरपूर असतो. उडदात जे कमी, ते ज्वारी पुरवते. आपल्या आज्यांना लायसिन ठाऊक नव्हतं, जोडी ठाऊक होती. 100 ग्रॅम पिठात साधारण 14 ग्रॅम प्रथिनं, शिवाय मैद्यात नावालाच असणारा चोथा.

आता इथे कुणीतरी म्हणेल, आपल्या घरी तर मटण शिजतं, आपल्या मुलींना काय कमी? हा प्रश्न मला पालकसभेत विचारला गेला आहे. बरेच ठिकाणी ते आठवड्यातून एकदा शिजतं आणि बोट्या अब्बा आणि भाईजानच्या ताटात जातात. मुलीच्या वाट्याला शोरबा आणि बटाटा. पुन्हा बटाटाच! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत लोहाची निळी गोळी देतात. मुली ती मुठीत लपवून खिडकीबाहेर टाकतात, कारण मळमळतं. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळणारच.

कळण्याच्या भाकरीने सगळं भागतं असं मी म्हणत नाही. धान्य-डाळीतलं लोह अंगात कमी मुरतं. त्यावर लिंबू पिळलं तर जास्त मुरतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. बी-12 तर भाकरीतही नाही आणि आलू टिक्कीतही नाही. त्यासाठी दूध, दही, अंडं, मासे, मटण यांपैकी काहीतरी हवं. एका उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनंही आहेत आणि बी-12 ही. अंडं आणि बोटी, दोन्ही मुलीच्या ताटात आधी पडली पाहिजेत, हे मी आयांना तोंडावर सांगते. काहींना आवडत नाही.

पण चौदा वर्षांच्या मुलीला बर्गरऐवजी भाकरी खा म्हटलं तर ती ऐकणार नाही, तेही खरं. पाव सोडायचा नाही, टिक्की बदलायची. आणि टिक्की आपल्याकडे आहेच: फुणके. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांदा, कोथिंबीर, मुटके वळून वाफवायचे. कढीबरोबर खातो तेच. 50 ग्रॅम कोरड्या डाळीत 11 ग्रॅम प्रथिनं. मुटक्याऐवजी चपटी टिकिया वळली, वाफवून तव्यावर थोड्या तेलात परतली की पावात नीट बसते. शामी कबाबाला आपण चण्याची डाळ वापरतोच, तेव्हा हात काही नवा नाही. मेयोनीजऐवजी घट्ट दही आणि लसणाची चटणी.

मागच्या हिवाळ्यात आठवीच्या मुलींनी शाळेच्या मेळाव्यात हेच विकलं. फळ्यावर उर्दू आणि मराठीत लिहिलं, 'खान्देशी बर्गर'. वीस रुपयाला एक. पहिले तासभर कुणी फिरकलं नाही, मग शेजारच्या मराठी शाळेतली पोरं आली. टिकिया आधी संपली, पाव उरले.