टो-आऊट, दोरा आणि बाबा

रिमोटची गाडी म्हटलं की लोकांना जत्रेतलं खेळणं आठवतं. माझी तशी नाही (असं मी बायकोला सांगतो). माझी टामियाची टीटी-०२. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची टूरिंग कार, चारही चाकांना ताकद, सुटे भाग आणून आपणच जोडायची. हे मॉडेल २०१३ मध्ये आलं. किटमध्ये साधे फ्रिक्शन डॅम्पर येतात. मी हळूहळू तेलाचे डॅम्पर बसवले, स्टिअरिंगचे दांडे लांबी बदलता येणारे घातले. म्हणजे आता सगळंच फिरवता येतं आणि बिघडवताही येतं.

पुण्यात आमच्या बिल्डिंगचं पार्किंग एकदम गुळगुळीत. रविवारी सकाळी सगळे झोपलेले असताना मी खाली. जमिनीपासून उंची ५ मिमी, डॅम्परमध्ये ४०० नंबरचं सिलिकॉन तेल, पुढच्या चाकांना दोन अंश टो-आऊट, म्हणजे दोन्ही चाकांची नाकं किंचित बाहेर. टो-आऊटमुळे गाडी वळणात चटकन शिरते. खांबांमधून अशी पळायची की वाटलं, झालं, आता याला हात लावायचा नाही. प्रॉडक्शनला गेलेला कोड!

दिवाळीत ती नांदेडला नेली. आणि आमच्या गल्लीत तिने माझी पार लाज काढली. रस्ता सिमेंटचा, पण पट्ट्यांमधले सांधे उघडलेले. गाडी सरळ जाईना. कधी डावीकडे झेप, कधी उजवीकडे. आणि ऐन वळणात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी सरळच. दोनदा नालीत गेली. मी तेल बदललं, स्प्रिंग बदलल्या, टो बदललं, सगळं एकदम. तीन बदल एकत्र टाकले की कुठल्याने बिघडलं ते कळत नाही, हे ऑफिसात ज्युनिअर पोरांना मीच ऐकवतो.

बाबा ओट्यावर बसून बघत होते. इथं थोडं मागचं सांगायला हवं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांची मारुती ८०० विकली. त्यांना विचारलं होतं, पण गिऱ्हाईक ठरल्यावर. वय सत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नांदेड-लातूर रस्त्यावरचे ट्रक... कारणं सगळी बरोबर होती. बाबा "बरं" म्हणाले. तेव्हापासून फोनवर "बरंय" आणि "आईला देतो", एवढंच.

"तेल कशाला बदलायलास? आधी पोट दाखव तिचं."

गाडी उलटी केली. चॅसिसच्या खाली पुढच्या बाजूला ताजे ओरखडे. "टेकायली. पोट टेकलं की चाकावर वजन राहत नाही. मग स्टिअरिंग किती का फिरव. आधी होतं तसं कर सगळं. मग एकेक बदलू."

होतं तसं केलं. मग फक्त उंची ८ मिमी. वळायला लागली! झेपा मात्र चालूच. बाबा उठले आणि आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेऊन आले. मागच्या चाकाच्या दोन्ही कडांना टेकवून तो पुढच्या चाकापर्यंत ताणून धरला. पुढच्या चाकाची पुढची कड दोऱ्याला बाहेर ढकलत होती, मागच्या कडेपाशी फट. टो-आऊट डोळ्यांना दिसत होतं. गुळगुळीत जमिनीवर दोन्ही चाकांवर सारखं वजन असतं, त्यामुळे त्यांची ओढाताण एकमेकांत फिटते. खड्ड्यात ज्या चाकावर वजन जास्त, ते आपल्या बाजूला ओढतं. म्हणून झेपा. दांडे फिरवून टो शून्यावर आणलं. मग तेल ३०० नंबरचं, थोडं पातळ, म्हणजे सांध्यावरून चाक पटकन वरखाली होईल. गाडी सुतासारखी सरळ.

बाबांनी चाकं पूर्ण वळवून पाहिली. "आतलं जास्त वळतंय. बरोबर आहे, त्याला लहान गोल मारायचा असतो." मी आपलं ज्ञान पाजळलं: याला अकरमन म्हणतात. १८१७ मध्ये म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने शोधलं, १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं अकरमनने.

"म्हणजे केलं एकाने, नाव दुसऱ्याचं. सगळीकडं असंच."

वर्षभरातलं त्यांचं माझ्याशी बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य :)

भाऊबीजेला लातूरला निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. माझ्या गाडीत बाबा शेजारी. एका ठिकाणी गाडी होडीसारखी डुलली तेव्हा म्हणाले, खाली काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा रस्ता लाटा मारणारच. "रस्त्याला शिव्या देऊन काय होतंय? वेग उतरव."

बहिणीच्या घरासमोर फरशीचं अंगण, वर बारीक धूळ. नांदेडचं सेटिंग इथं फेल! वळताना मागचा भाग घसरून गाडी गरकन फिरायची. भाचा ओरडला, "मामा, ही उलटी का व्हायली?" आता माझी पाळी होती. एकच बदल केला, मागच्या स्प्रिंग मऊ घातल्या. ज्या टोकाला स्प्रिंग मऊ, त्या टोकाची पकड सहसा वाढते. थांबली घसरायची. भाच्याने तासभर पिदडली आणि रिमोट आजोबांच्या हातात दिला. मला वाटलं, आता कुंडीवर जाणार. बाबांनी वळणाआधी वेग कमी केला, बाहेरून घेतली, आत आणली. सात-आठ चकरा, कुठे धक्का नाही. या माणसाला गाडी चालवता येणार नाही असं मी परस्पर ठरवलं होतं.

परत निघताना मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. "अंधार पडलाय. समोरच्याचे लाईट डोळ्यावर येतात माझ्या. सकाळी बघू."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधी चालवायची आणि कधी नाही, दोन्ही. मी फक्त विचारायचं राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर अंगणात गाडी नाही. अर्ध्या तासाने बाबा दुधाच्या पिशव्या घेऊन आले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"पुढचं डावं चाक ओढायलंय तुझ्या गाडीचं."

असो. आईकडे सुतळी मागितली आहे.