गाणे आणि दम

‘किती वेगाने चालावे?’ असे रुग्ण विचारतात, तेव्हा मी विचारतो, ‘आपले आवडते गाणे कोणते?’ माझे उत्तर ठरलेले आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा खडा आवाज! ‘जय जय महाराष्ट्र माझा’ सुरू होताच पावले तालावर पडू लागतात, थकवा जाणवेनासा होतो. वडिलांकडून हृदयविकाराचा वारसा लाभलेल्या मला पन्नाशीनंतर चालणे हा केवळ छंद उरलेला नाही.

गाण्याने श्रमही मोजता येतात. चालताना सबंध कडवे सहज गाता आले, तर वेग वाढवावा. बोलता येते, पण गाता येत नाही, तो वेग मध्यम व्यायामाचा; मिनिटाला साधारण १०० पावले. दोन-चार शब्दांतच धाप लागली, तर पावले आवरावीत.

मात्र थकवा विसरायला लावणारे गाणे छातीतील दडपणही विसरायला लावू शकते. ते जाणवताच थांबावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. तालापेक्षा हृदयाचे ऐकणे केव्हाही श्रेयस्कर.