डोंगरावर आलं बोटीचं इंजिन

लोणावळ्याच्या घरांत काय काय येऊन पडतं, ते इथल्या बायकांना ठाऊक आहे. पण एका मे महिन्यात आमच्या पडवीत चक्क बोटीचं इंजिन येऊन बसलं! टेम्पोने, खंडाळ्याचा घाट चढून. शेजारणी विचारीत, "अहो बाई, मावळात समुद्र कधी आला?"

मामंजी रेवदंड्याला राहतात. त्यांची शिडाची जुनी सागवानी होडी आहे. सासूबाई गेल्यापासून तीच त्यांची सोबत. शीड असलं तरी वारा पडला की इंजिन लागतंच. त्या मार्चमध्ये नेमका वारा पडला, ओहोटी लागली आणि इंजिन सुरू होईना. कुंडलिकेच्या मुखाशी मामंजी तीन तास एकटे अडकले. शेवटी दुसऱ्या होडीने ओढून आणलं. फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. रागाने म्हणून गेले, "विकून टाका ती होडी!" मामंजी काहीच बोलले नाहीत. पुढे फोनवर येईनासेच झाले. ते मात्र मला लागलं.

आमचे शेजारचे काका इथल्याच 'आय. एन. एस. शिवाजी'तून निवृत्त झालेले. १९४५ पासूनची ही संस्था. नौदलाची माणसं इथे इंजिनांचं शिक्षण घेतात. काका म्हणाले, "इंजिन इकडे आणा, बघू." धुराच्या नळीतून खारं पाणी आत गेलं होतं आणि पिस्टन गंजून जाम झाला होता. आठ दिवस डिझेल ओतून ठेवलं. सुटला खरा, पण आतली भिंतच मिठाने पोखरलेली. पत्र्याच्या डब्यात लोणचं घातलं की डब्याचं होतं, तसंच!

नवं घ्यायचं ठरलं. हे म्हणाले, दुप्पट ताकदीचं घेऊ. काकांनी समजावलं, "अशा होडीचा वेग तिच्या लांबीवर असतो. डिझेल तेवढं जास्त जाळाल." तरी पैसे कमी पडलेच. नव्या ओट्यासाठी शाळेच्या अर्धवेळ पगारातून साठवलेले मी काढून दिले. विका म्हणणारी मीच ना!

जुलैत होडी किनाऱ्यावर ओढलेली होती, तेव्हा इंजिन बसवायला घेतलं. नव्याचे पाय जुन्या बैठकीवर बसेनात. इंजिन आणि पंख्याचा दांडा अगदी एका रेषेत हवेत. केसभर फरक पडला तरी थरथर होते, बेअरिंग झिजतं. म्हणून इंजिनाच्या पायांखाली पातळ पत्र्या सरकवत बसायचं.

"म्हणजे इथेही नवीनेच जुळवून घ्यायचं!" मी म्हटलं.

काका हसले. "नाही हो, जुनी बैठकही तासलीय."

तेवढ्यावर भागलं नाही. लाकूड पाण्यात फुगतं, होडीचा आकार किंचित बदलतो. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटली, दोन दिवस तशीच ठेवली आणि सारी जुळवणी पुन्हा केली.

इंजिन सुरू झालं. मामंजींनी मला हाक मारली, "सूनबाई, सुकाणू धर." एवढंच. पण महिन्यांनी ते माझ्याशी आपणहून बोलले होते.

ओटा अजून जुनाच आहे. संध्याकाळी त्यांचा फोन आला की त्याच्यापाशीच उभी राहून बोलते.